सगळ्यांचा एक ब्लेझर

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलींच्या सराव मुलाखती होत्या. नोकरीसाठी कोण किती तयार आहे, याचे गुण द्यायला मी टेबलामागे बसले होते. तिसरी मुलगी आत आली आणि लक्षात आलं, हा काळा ब्लेझर मघाचाच आहे. बाहेर पडणारी दारातच तो उतरवायची, आत येणारी घाईघाईनं चढवायची. कुणाला तो खांद्यावर सैल, कुणाला मनगटाशी आखूड.

"पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?" मी प्रत्येकीला विचारत होते. उत्तरं पाठ होती, पण शेवटच्या शब्दाशी येऊन आवाज कापायचा. ऐकता ऐकता मनात आलं, हेच कुणी मला विचारलं तर? लग्नाला, आईच्या आजारपणाला, अगदी या खुर्चीलासुद्धा मी कधी तयार होते? दरवेळी दार आधी उघडलं, तयारी मागाहून झाली. आणि आता दाराशी उभ्या असलेल्या पोरींना मी जोखत होते.

शेवटची मुलगी निघताना म्हणाली, "मॅडम, ब्लेझर इथेच ठेवते. जिचा आहे ती येऊन नेईल."

ती गेल्यावर दुमडलेली कॉलर सरळ करायला मी हात लावला. कॉलर घामानं ओली होती, गार लागली. त्यात कुणाची भीती कुठली, ते वेगळं काढता येत नव्हतं. आत्मविश्वासाचे गुण मात्र मी प्रत्येकीला वेगवेगळे दिले होते.