कोहिनूरच्या आपट्याचे एक पान

आमच्या शिवलीलाअक्का साठ वर्षांच्या होताहेत आणि त्यांच्यावर लिहिण्याचा मान मला मिळालाय! कधी एकदा सगळ्यांना सांगतो असे झाले आहे.

बसवकल्याणच्या बसमधून उतरून कोहिनूर गावच्या शाळेत मी पहिल्यांदा आलो, तेव्हा अंगणातला पाला झाडून पेटवायला निघालो होतो. मुख्याध्यापिका असलेल्या अक्का धावतच आल्या. “मास्तर, काडी कामून ओढायलाव? खड्ड्यात टाका, खत होतंय!” ही आमची ओळख. त्या दुपारी माझ्यासाठी भाकरीही त्यांच्याच घरून आली.

खरी कसोटी दसऱ्याला लागली. गावात आपट्याचे झाड एकच, शाळेमागचे. सोने लुटायचे म्हणून दरवर्षी लोक फांद्याच तोडत. आदल्या दसऱ्याला मोठी फांदी मोडून खोडच चिरले होते. आणखी एक दसरा झाडाला झेपणार नव्हता. पहिला कोयता पाटीलअप्पांचा, हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. आणि अप्पांना दुखवून गावात नोकरी करणे सोपे नव्हते.

तरी पूजा होताच अक्का झाडापुढे उभ्या राहिल्या.

“अक्का, सण मोडायलाव का?” अप्पांनी विचारले.

“न्हाई अप्पा, पुढच्या सालासाठी राखायले. एकच पान घ्या. ज्याला द्याल, त्यानं ते पुढं द्यावं. सोनं द्यायचंच असतंय की, साठवायचं न्हाई.”

अप्पांनी बराच वेळ खोडाच्या चिरेकडे पाहिले. मग कोयता खाली ठेवला, एक पान खुडले, त्याला हळदीचे बोट लावले आणि अक्कांच्याच हातावर ठेवले. “घ्या सोनं!”

अक्कांनी ते मला दिले, मी शेजारच्या आजींना. काय सांगू तो आनंद! हळदीचे ते पान गावभर फिरून दिवेलागणीला अप्पांच्याच उंबऱ्यावर आले. “आलं की व्हय!” म्हणत अप्पा लहान मुलासारखे हसले. दुसऱ्या दिवशी ते पान त्यांनी स्वतः शाळेच्या खड्ड्यात आणून टाकले.

आज ते झाड शाळेच्या पत्र्यांहून उंच गेले आहे. अप्पा काठी टेकत येतात, पण दसऱ्याचे ते एक पान अजून तेच खुडतात.

अक्का, तुमची तब्येत ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो. यंदाचे पान अप्पांनी आत्ताच हेरून ठेवले आहे. ते घ्यायला या, आणि पुढचे पुष्कळ दसरे येत राहा. तुम्ही हात पुढे केल्याशिवाय आमचे सोने निघतच नाही.