ग्रँड रॅपिड्सच्या बागेत आईची पिशवी

मिशिगनमध्ये नोव्हेंबरात फिरायला जाऊ नये, असं मी इथं नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते. पानं गळून गेलेली असतात, बर्फ अजून पडलेला नसतो आणि आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं दिसतं. तरी आम्ही राहतो त्या नोव्हायहून आम्ही दोघी ग्रँड रॅपिड्सला गेलो ते याच महिन्यात. आईचं परतीचं तिकीट दहा दिवसांवर आलं होतं आणि मला तिला एक गोष्ट सांगायची होती.

गोष्ट अशी, की दादाची बदली सिंगापूरला झाली. कोथरूडचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि इकडे यायच्या आधी आई जिन्यात दोनदा पडली होती. तिला कायमचं इथं आणणं आमच्या व्हिसाच्या भानगडीत शक्य नाही. म्हणून आम्ही भावंडांनी पुण्याबाहेर एका ठिकाणी तिच्यासाठी खोली घेतली. फोनवर आम्ही त्याला ‘सीनियर लिव्हिंग’ म्हणतो. वृद्धाश्रम हा शब्द दोघांनीही अजून तोंडातून काढलेला नाही. दादा म्हणाला, “सध्या ती तुझ्याकडे आहे ना, मग तूच सांग. कुठेतरी छान जागी ने आणि शांतपणे सांग.”

छान जागा म्हणून मी हे शहर निवडलं. नवऱ्याला मुलाच्या रोबोटिक्सच्या स्पर्धेला जायचं होतं, त्यामुळे शनिवारी सकाळी आम्ही दोघीच निघालो. आय-९६ हा रस्ता सरळसोट आहे, सव्वादोन तासांत पोचता येतं. लॅन्सिंगच्या आधी बोलून टाकायचं असं मी ठरवलं होतं. नेमकं तिथंच आई म्हणाली, “किती सावकाश चालवतेस गं. तुझ्या गाडीत मला भीतीच वाटत नाही.” मी रेडिओ लावला.

डाउनटाउनमधलं आर्ट म्युझियम आटोपशीर आहे आणि वयस्कर माणसांना न्यायचं असेल तर हीच त्याची मोठी सोय. दोन तासांत सगळं बघून होतं, बसायला जागोजागी बाकं आहेत, शनिवार-रविवारी पार्किंगही जवळ मिळतं. बर्फाच्या माळाचं एक भलंमोठं चित्र होतं. आई त्याच्यासमोर बसली ती उठेचना.

“एवढं मोठं चित्र, आणि एक माणूस नाही बघ त्यात,” ती म्हणाली.

हीच वेळ होती. मी कॉफी आणायला गेले.

तिथून थोडं चालल्यावर चौकात लाल पोलादाचं अवाढव्य शिल्प लागतं. आईनं त्याला एक फेरी मारली.

“हे अजून बसवतायत का?”

“पूर्ण झालंय, आई. शहराची शान आहे ती.”

“असेल बाई. रंग मात्र छान दिलाय.”

त्या दोन दिवसांत मी खळखळून हसले ते तेवढंच.

रविवारी शहरातली मोठी शिल्पबाग आणि तिथलं काचघर बघायचं होतं, आणि नेमकी संकष्टी होती. बागेतल्या कॅफेत सूप आणि सँडविच बरं मिळतं, पण उपासवाल्यांनी आपला डबा न्यावा. आम्ही साबुदाण्याची खिचडी गाडीतच खाल्ली. बागेचं तिकीट माणशी वीस डॉलरच्या आसपास, ज्येष्ठांना थोडी सूट. बाहेरच्या शिल्पबागेत पोटाखालून माणसं चालत जातील एवढा ब्राँझचा घोडा आहे. भुरभुर पावसात तो एकटाच उभा होता. जपानी बागेतले मेपल पार उघडे पडले होते. आईला थंडी सोसवेना, म्हणून आम्ही काचघरात शिरलो.

दार उघडताच चष्म्यावर वाफ धरली. आत ओल्या मातीचा, आपल्याकडच्या रोपवाटिकेतला वास होता. आईची पाठ एकदम सरळ झाली. “अगंबाई, जास्वंद!”

आता तिचा नियम सांगायला हवा. कोथरूडमध्ये ती रोज सकाळी हातात पिशवी घेऊन फिरायला जाते. कुंपणाच्या आतलं फूल मालकाचं, बाहेर आलेलं देवाचं. चाळीस वर्षं तिनं हा नियम पाळला आहे आणि कुंपणाच्या आत कधी हात घातलेला नाही.

मी याच ब्लॉगसाठी केळीच्या घडाचा फोटो काढत होते. वळून बघते तर हिरवा एप्रन घातलेल्या एक पांढऱ्या केसांच्या स्वयंसेविका आईसमोर उभ्या होत्या आणि आईच्या हातातल्या पिशवीत पाच लालभडक जास्वंदी.

“ब्रांच आउटसाइड,” आई त्यांना समजावत होती. “ऑन रोड. फॉर गॉड.”

मी धावत जाऊन सॉरी सॉरी म्हणत सुटले. बाई हळूच म्हणाल्या, “इथली फुलं तोडत नाहीत. पण ही तशीही संध्याकाळी गळणार. राहू द्या त्यांच्याकडे.” आणि त्या पुढं गेल्या. विषय तिथंच संपला होता. मी मात्र संपवला नाही.

“आई, हे काय कोथरूड आहे? लोक काय म्हणतील? लहान मुलासारखं तुझ्यावर लक्ष ठेवायचं का मी?”

आई बाकावर बसली. पिशवीचं तोंड तिनं नीट दुमडलं.

“इथं तोडत नाहीत, तिथंही तोडू देत नाहीत. मग बाप्पाला वाहू काय?”

“तिथं म्हणजे कुठं?”

“तुम्ही खोली घेतलीत ना, तिथं. दादानं तुला फोटो पाठवले, ते मी मालिका बघते त्या टॅबवर पण आले. बागेत पाटी आहे.”

“कधी बघितलेस?”

“गणपतीच्या आधी.”

“अगं मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते.”

मला रडू फुटलं. आईनं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, “चल, अंधार पडायच्या आत घरी पोचू.”

घरी पोचेपर्यंत एक जास्वंद मिटली होती. चार बाप्पाला वाहिल्या. ढगांमुळे चंद्र काही दिसला नाही. मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ बघून आईनं उपास सोडला. नंतर मी दादानं पाठवलेले फोटो उघडून मोठे केले. मी ते निदान दहा वेळा पाहिले होते, खोलीचा आकार आणि बाथरूममधल्या दांड्या बघण्यासाठी. बागेच्या फोटोत कोपऱ्यात पाटी होती: फुले तोडू नयेत.

आई आता तिथं राहायला गेली आहे. ग्रँड रॅपिड्सला जावं का, तर जरूर जा, एक मुक्काम पुरतो. मे महिन्यात गेलात तर बाहेरची बागही बघायला मिळेल. आणि कोणाला काही सांगायचं असेल, तर ते घरीच सांगून निघा.

परवा मी आई राहते तिथल्या ऑफिसला फोन केला. खोलीत कुंडी ठेवता येत नाही, बाल्कनीत येते, पण बाल्कनीच्या खोल्या भरलेल्या आहेत, वेटिंग लिस्ट आहे, असं कळलं. आईचं नाव लिहून घ्या म्हटलं.

“आजींना उन्हात बसायला हवीय का, मॅडम? तसं कारण लिहितो.”

“नाही. जास्वंद लावायचीय. घरच्या झाडाची फुलं तोडलेली चालतील ना?”

“विचारून सांगतो,” ते म्हणाले.