खेकड्याचा रस

कडावच्या पदूला वर्षभर खोकताना गंजासारखं रक्त पडत होतं. थुंकीत टीबीचे जंतू कधी सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या पूर्ण झाल्या. रक्त थांबलं नाही. सुनेनं त्याचं ताट वेगळं केलं, नात जागृतीला त्याच्याजवळ फिरकू देईना. पदूला खोकल्यापेक्षा तेच जास्त लागलं.

कर्जतला नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खेकडे, मासे कच्चे खाता का?"

"मी काय बगळा हाय?" पदू वैतागला.

बाई लिहू लागल्या. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, अंबूबाईनं, पिशवीतून बाटली काढली. "बोलून झालं आसल तर रस घ्या."

"कसला रस?" बाईंनी विचारलं.

"ओढ्यातला खेकडा वाटून गाळलेला. साधा खोकला होता तवापासून देते. औषध हाय, बाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. या वेळी थुंकीत टीबीचे जंतू नव्हे, कृमीची अंडी शोधली. सापडली.

"खेकड्यातून कृमी फुप्फुसात गेलेत. गोळ्यांनी जातील. हे खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही."

"ऐकलंस का गं?" पदू ओरडला. "घरानं मला वाळीत टाकलं, नि पाजत होतीस तू! चल, आदी सुनेला सांगतो. पोरीला मांडीवर घेतो."

तो उठला. अंबूबाई उठली नाही. बाटली घट्ट धरून बसली होती.

"पोर मागं खोकत होती," ती म्हणाली. "तिलाबी दिलाय."

पदू परत स्टुलावर बसला.