एका वायरवरच्या दोन ठिणग्या

धुकं अजून निवळलं नव्हतं, तरी स्कूटर मेकॅनिकने शेडचं दार उघडून स्वतः बांधलेलं विमान बाहेर ढकललं. सगळी गल्ली त्याला चिडवायला पायलट म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर फार तर वर्षभर साथ देईल. त्याआधी एकदा तरी बायकोला घेऊन वर जायचं, एवढाच ध्यास त्याने धरला होता.

इंजिन भंगारातल्या गाडीचं, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. विमानासाठीचं तयार इग्निशन, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा, परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने जुन्या मोटारींच्या कॉइल बसवल्या होत्या. त्याही दोन वेगळ्या जोड्या, एक बंद पडली तरी दुसरीने ठिणगी द्यावी म्हणून.

आज इंजिन मस्त गुरगुरलं आणि खटकन बंद पडलं.

बायको आत वाकली. "अहो, ही लाल वायर तुटलीय. दोन्हीकडे हीच जाते ना?"

त्याने बोटांनी चाचपलं. दोन ठिणग्यांचा गल्लीभर डंका पिटला होता, आणि बॅटरीपासून वायर मात्र एकच आणली होती.

"आपण वर असतो तर?"

"संपलो असतो." त्याने वायर सोडून दिली. "आता सगळं उचकटायचं. दुसरी बॅटरी, दुसरी वायर. तोवर दिसेल का गं मला?"

ती तुटलेली वायर सोडवायला लागली.

"पायलटसाहेब, आमचं विमान काही उडेना!" दूधवाला बंद स्कूटर ढकलत दारात आला.

त्याने मुकाट्याने स्कूटरचा प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला आणि ठिणगीची फट बघायला अगदी डोळ्याजवळ धरला.