सील न फोडलेला डबा

माझ्या धाकट्याची काळजी पाच दिवस झाले मनातून जात नाही. तो आजारी नाही. नोकरी शाबूत आहे, कसलं व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. काळजी एका डब्याची आहे. तो वेगळा राहतो, तिथे त्याच्या खोलीतल्या टेबलावर व्हिडिओ गेमचा एक चपटा डबा पडून आहे, त्यावरचं पातळ प्लास्टिक जसंच्या तसं आहे, आणि हा एकोणतीस वर्षांचा माणूस रोज कामावरून येतो, त्या डब्याकडे बघत जेवतो आणि झोपतो. फोडून खेळत नाही, उठून दुकानातही नेत नाही. विचारलं की म्हणतो, "बघू."

हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की त्याच्या ताईने शाळेत असतानाच त्याचं नाव बघूशेठ ठेवलं. आता जावईसुद्धा तेच म्हणतात. मी म्हणत नाही, पण ओठांवर येतं.

कामात मात्र तो असा नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा बसवतो. बाहेर गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेम लावून मान वळवत असतं, तेव्हा आत हा यंत्रावर काचेचा काठ घासत असतो. काचेचा मध्य आणि डोळ्याची बाहुली एका रेषेत यावी लागते. जरा इकडेतिकडे झालं तर घालणाऱ्याचं डोकं दुखतं. हा एकदा मोजतो, एकदा घासतो, विषय संपला. त्याचे मालक मला म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या मुलाने केलेला चष्मा परत येत नाही." तिथे याला दुसऱ्यांदा विचार करावा लागत नाही. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की मात्र याचं घोडं अडतं.

हा गेम बाजारात येऊन वर्ष झालं. होडीचा खेळ आहे. एकाने वर सुकाणू धरायचं, दुसऱ्याने खाली इंजिन सांभाळायचं आणि दोघांनी मिळून वादळातून होडी बाहेर काढायची. दोघं दोन गावांत असले तरी चालतं, फक्त प्रत्येकाकडे आपापला गेम हवा. याचा शाळेपासूनचा मित्र लंबू नोकरीसाठी लांब गेलेला आहे. त्याने पहिल्याच दिवशी घेतला आणि याला म्हणाला, "तूही घे, मग सुरू करू." लहानपणी आमच्या बाहेरच्या खोलीत एकाच यंत्रावर हे दोघं इतके खेळले आहेत की त्यांच्या बुडाखालचा गालिचा विरून गेला होता.

आणि आमचे शेठ वर्षभर किंमत उतरायची वाट बघत बसले. परवडत नव्हतं असं अजिबात नाही. "आज ना उद्या उतरेलच, आई. घाई कशाला?" सुटीच्या दिवशी दुकानात जाऊन नुसतं लेबल बघून यायचा, जसं कुणी दवाखान्यात नातेवाइकाला बघून यावं.

गेल्या महिन्यात लंबू कामावर जिन्यावरून घसरला. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरी, खोलीत एकटा. हे कळल्यावर मीच याच्या मागे लागले. गुरुवारी याला सुटी असते. मागच्या गुरुवारी मी त्याला अक्षरशः हाताला धरून दुकानात नेलं.

काउंटरवर चष्मा लावलेला एक विक्रेता होता. याला बघताच त्याचा चेहरा फुलला. "या डॉक्टर. तुमच्या चष्म्यापासून डोकं दुखलेलं नाही बघा."

म्हणजे तो चष्मा यानेच केलेला होता. मला बरं वाटलं. आमचे डॉक्टर मात्र लेबलाकडे बघत उभे.

"याची किंमत उतरायची आहे का हो?" याने विचारलं.

"वर्षात उतरली नाही, आता कशाला उतरते? घेऊन टाका."

हा अजून उभाच. माझा संयम सुटला. "घे रे बाबा एकदाचा. तो तिकडे पाय टांगून पडलाय. तो चालायला लागल्यावर घेणार आहेस का?"

घेतला. बिलाच्या मागे दुकानाचा नियम छापलेला होता: सात दिवसांत किंमत उतरली तर बिल आणि सील न फोडलेला डबा आणून दाखवावा, फरक परत मिळेल. तो विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने वाचूनही दाखवला. तेव्हा मला काय माहीत, तोच आमच्या मुळावर येणार आहे.

शनिवारी सकाळी याचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला.

"आई, निम्म्यावर आली."

"काय निम्म्यावर आलं? तू बरा आहेस ना?"

"गेमची किंमत. आज सकाळी. बरोब्बर निम्मी."

मी खुर्चीत बसले. वर्षभर थांबला आणि दोन दिवसांनी चुकला. दोन दिवस. आणि ते दोन दिवस माझ्यामुळे.

रविवारी तो घरी आला. ताई आणि जावई आलेले होतेच. ताईने दार उघडल्या उघडल्या सुरुवात केली.

"काय शेठ, ऐकलं ते खरं का?"

"हो."

"म्हणजे किंमत तुझीच वाट बघत होती. तू घेतलास, ती उतरली. दुकानदारांनी तुला पगारावर ठेवायला हवं."

"ताई, पुरे."

"पुरे कसं? फ्रिजचं तेच, फोनचं तेच. मला काही घ्यायचं असलं की आधी तुला घ्यायला लावीन."

जावई हसले. मी म्हटलं, "अगं, पण फरक परत मिळतो, बिलावर लिहिलंय. सील फोडलं नाहीस ना रे?"

"नाही."

"मग उद्या जा आणि घेऊन ये."

याने पाण्याचा ग्लास उगाच फिरवला. "तो माणूस म्हणाला होता उतरणार नाही. मी गेलो की त्याला वाटणार, मी त्याला खोटं पाडायला आलो. त्याच्या साहेबांसमोर."

"अरे, नियम त्यांचाच आहे."

"पुढच्या महिन्यात तो नंबर तपासायला आमच्याकडे येणार आहे. मी कसं बघू त्याच्याकडे?"

"चष्म्यातून बघ," ताई म्हणाली.

"बरं, नको जाऊस," मी म्हटलं. "मग फोड तो डबा आणि खेळ. लंबूला बरं वाटेल."

"फोडला की फरक गेला ना, आई."

"मग जा ना दुकानात."

"बघू."

यांनी, म्हणजे मुलांच्या बाबांनी, वर्तमानपत्र खाली केलं. आमच्या घरात हे सगळ्यात कमी बोलतात आणि नेमकं नको तिथे बोलतात. "अगं, तो नेणारही नाही आणि फोडणारही नाही. आपण त्या डब्याला काचेचं कपाट करू. पाहुण्यांना दाखवता येईल." मग याला म्हणाले, "फरक मी देतो, जा, खेळ."

"प्रश्न पैशांचा नाही, बाबा."

मग प्रश्न कशाचा आहे, ते कुणालाच कळेना. त्यालाही नाही.

मंगळवारी मी त्याच्या खोलीवर गेले. एका जिन्याची इमारत, तिसरा मजला, खिडकीखाली टेबल. टेबलाच्या मधोमध डबा, डब्यावर घडी घातलेलं बिल, बिलावर वजन म्हणून जुन्या चष्म्याची एक जाड काच. त्या काचेतून बिलावरची तारीख मोठी दिसत होती. गेमचं यंत्र पुसून तयार, दोन्ही रिमोट चार्ज केलेले. सगळी तयारी आहे, फक्त होडी बंदरात उभी आहे. मला इतका वैताग आला की मी सरळ त्याची भांडी घासायला घेतली. तो म्हणाला, "आई, राहू दे, मी घासतो." मी म्हटलं, "बघू."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आज संध्याकाळी लंबूचा फोन आला. माझा नंबर त्याच्याकडे शाळेपासून आहे. तब्येतीचं बोलून झालं, शनिवारी प्लास्टर निघणार म्हणाला, सोमवारपासून कामावर.

"काकू, एक विचारू? त्याने तो गेम घेतला का हो?"

"तुला तो काही बोलला नाही?"

"रोज विचारतो मी. बघू म्हणतो. वर्ष झालं, काकू. त्याला माझ्याबरोबर खेळायचं नसेल तर तसं सांगू दे. मी मनाला लावून घेणार नाही. माझ्या कामावरचा एक जण विचारतोय, मग मी त्याच्याबरोबर सुरू करीन. सुकाणू त्याला देईन."

मी काहीतरी थातूरमातूर बोलले. म्हटलं, त्याला हल्ली काम फार आहे. म्हणजे मीही खोटं बोलले आणि तेही लेकाला झाकायला. फोन ठेवला आणि मग माझा राग असा उसळला की आधी याला फोन करून चांगलं झापावं असं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या घरी हा राहिला, जेवला, ज्याच्याशिवाय याला दुसरा मित्र नाही, त्याला हा एका प्लास्टिकच्या कागदासाठी घालवून बसणार. आणि वर त्याला कळणारही नाही की का.

मी यांना सांगितलं. मला वाटलं, हे नेहमीसारखं काही बोलून मोकळे होतील. हे म्हणाले, "आठ दिवसांचा नियम."

"कसला नियम?"

"तुझा."

आणि मला खोक्यातला पंखा आठवला. मुलं लहान होती तेव्हा घरात मीच नियम केला होता: नवीन आणलेली कुठलीही वस्तू आठ दिवस फोडायची नाही, कुठे स्वस्त दिसली तर परत करता येते. ऐन उकाड्यात आणलेला पंखा आठ दिवस खोक्यात होता आणि त्या खोक्याशेजारी आम्ही चौघं वर्तमानपत्राने वारा घेत बसलो होतो. हा तेव्हा आठ वर्षांचा. रोज सकाळी उठून विचारायचा, "आई, आज फोडायचा?"

एकदाच त्या नियमाचा फायदा झाला. इस्त्री समोरच्या दुकानात स्वस्त मिळाली. मी याला बरोबर घेऊन पहिली इस्त्री परत करायला गेले. काउंटरवरची मुलगी नाही म्हणाली, मी हटले नाही, आवाज चढवला. मालक आतून आला आणि सगळ्यांसमोर तिलाच बोलला. ती रडायला लागली. हा माझ्या पदराआड फरशीकडे बघत उभा होता. परत येताना त्याने विचारलं, "आई, ती ताई का रडत होती?" मी म्हटलं, "तिची चूक होती म्हणून." इस्त्रीचा तो किस्सा मी नंतर किती वर्षं घरोघरी रंगवून सांगितला. तो सांगताना हा खोलीतून उठून जायचा, हे मला आज आठवतंय.

म्हणजे फोडायचं नाही हे त्याला मी शिकवलं, आणि परत न्यायला जायची भीतीही त्याला मीच लावली. आणि आता मीच विचारत बसले आहे की हा असा का.

मघापासून मी बिलाचा फोटो काढून बघते आहे. त्याच्या खोलीवर भांडी घासून झाल्यावर मी तो गुपचूप काढला होता; म्हटलं, हा गेला नाही तर मीच दुकानात फोन करीन, मीच भांडीन. उद्या सातवा दिवस आहे. उद्या दुकान उघडल्या उघडल्या फोन लावायचा, असं मी ठरवूनही टाकलं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती. आवाज चढवायची जागाही ठरली होती.

तो फोटो मी आता पुसून टाकला. फरक गेला खड्ड्यात.

साडेअकरा झाले आहेत. हे झोपले आहेत. तिकडे लंबूला पाय दुखतो म्हणून एकपर्यंत झोप लागत नाही, हे त्यानेच संध्याकाळी सांगितलं. आणि आमचा धाकटाही जागाच असणार, टेबलासमोर. उद्या त्याला सुटी आहे. मी आता त्यालाच फोन करणार आहे. झापणार नाही. इस्त्रीच्या दुकानात त्या मुलीची चूक नव्हती, माझी होती, एवढं आधी सांगीन. मग म्हणेन, फोन कानाशी धर आणि ते प्लास्टिक फाड, मला आवाज ऐकू येऊ दे. तो बघू म्हणाला तर मी फोन ठेवणार नाही. फाडल्याचा आवाज आला की मग ठेवीन, म्हणजे त्याला लंबूला लावता येईल.