गलबत शाकारेपर्यंत

पौष वद्य सप्तमी, शके १८५७, सकाळ. घरात होतो ते असे: मी, माझे यजमान, आमच्या दोघी मुली, शेजारच्या अमीनाबी आणि उजाडताच बोलावून आणलेले वैद्य. नव्हता तो एकटा धर्मा, आक्काचा भाऊ. तो त्या वेळी मलबारच्या बाजूला समुद्रावर होता, आणि आपली बहीण नाशकात अंथरुणाला खिळली आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ते त्याला कळू द्यायचे नाही, असे आक्कानेच ठरवले होते. उन्हे ओसरीवर आली तेव्हा ती गेली. पुढची कामे मी एकामागून एक उरकली. रामकुंडावरचे झाले, तेरावे झाले, तिची लुगडी ज्यांना द्यायची त्यांना दिली. एक काम मात्र उरले आहे, आणि ते कसे करावे हे मला अजून कळलेले नाही.

सुंदराबाई माझी थोरली जाऊ. घरात आणि आळीत सगळे तिला आक्काच म्हणत. आमचे सासर आणि तिचे माहेर एकाच गावात, कोकण किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. दोघे भाऊ नोकरीसाठी घाट चढून नाशकाला आले, थोरल्याच्या मागोमाग आक्का आली. मी सिन्नरची, विहिरीपेक्षा मोठे पाणी लग्नापर्यंत न पाहिलेली, त्यात शाळेत शिकवणारी. पहिल्याच दिवशी तिने माझे नाव ठेवले ते शेवटपर्यंत: मास्तरीण. थोरले भावजी काही वर्षांत गेले. मूलबाळ नव्हते. माहेरी परत जाते का, असे सगळ्यांनी विचारले, तर म्हणाली, "जाईन की. आधी हिला भात रांधायला शिकू दे." मी काही ते शिकले नाही आणि ती काही गेली नाही...

समुद्र सोडून ती इथे आली, पण तिची वहिवाट तिथलीच राहिली. गोधड्या धुणे, माळा झाडणे, पापड लाटणे ही सगळी मोठी कामे ती अष्टमीच्या आसपास काढी. त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्याला जोर नसतो, जाळी वर असतात, पुरुषमाणसे हाताशी असतात. नाशकात आमचे पुरुष रोज सकाळी नोकरीवर जात, अष्टमी असो की पौर्णिमा, पण तिचा नेम चुकला नाही. गावाकडून सुके बोंबील आले की गच्चीवर पुन्हा एकदा ऊन दाखवायचे, मग घरमालक खालून ओरडायचा, आणि ही कठड्यावरून शांतपणे सांगायची, "वास तुमच्याकडं आलाय तो फुकटच हाय, शेट. खायचं झालं तर पैशे पडतील." अमीनाबींशी तिची मैत्री या बोंबलांवरूनच जमली. गोदावरीवर मात्र ती कधी खूश झाली नाही. एकदा घाटावर बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली आणि म्हणाली, "ही नुसती जातेच गो. परत यायचं हिला माहीत नाय."

तिच्या गावाची गोष्ट मी तिच्याकडूनच शिकले. श्रावणात नारळ वाहिला की गलबते बाहेर पडत, कोकणातून मलबारपर्यंत माल ने-आण करीत, आणि पाऊस तोंडावर आला की ज्येष्ठात परतत. मग सगळे गाव मिळून गलबत किनाऱ्यावर ओढी आणि माडाच्या झापांनी ते वरून पुरते शाकारून टाकी. त्या शाकारणीपर्यंत गावाचा एक नेम होता: पाण्यावरच्या माणसाला घरची वाईट बातमी द्यायची नाही. घरात कोणी गेले तर पुढच्या पत्रात त्याचे नाव लिहायचे नाही, एवढेच. खोटे लिहायचे नाही आणि खरेही नाही. आणि ज्याला पत्र जाई त्यानेही विचारायचे नाही.

मला हे क्रूर वाटे. मी तसे बोललेही. तेव्हा आक्काने तिच्या काकाचे सांगितले. तो तांडेल होता, म्हणजे गलबताचा मुख्य. एका बंदरात कोणीतरी भला माणूस त्याला भेटला आणि कळवळून म्हणाला की तुझा मुलगा देवीने गेला. काकाने माल भरला, निघाला. लहानपणापासून ज्या खाडीत शिरत आला होता तिच्याच तोंडाशी, ज्या खडकाला सगळे गाव नावाने ओळखते त्याच्यावरच त्याने गलबत घातले. त्याच्याबरोबर सहा घरांतले पुरुष गेले. "त्या सहा जणींनी माझ्या काकीला कधी बोल नाय लावला," आक्का म्हणाली. "बोल लावला तो सांगणाऱ्याला."

पण तिने आणखी एक सांगितले, ते माझ्या मनात जास्त राहिले. तिची आणि धर्माची आई गेली तेव्हा धर्मा समुद्रावरच होता. पुढच्या पत्रात आईचे नाव नव्हते. तो ज्येष्ठात आला तो आईसाठी लुगडे घेऊन आला. किनाऱ्यावर आई नव्हती. त्याने विचारले नाही. ते लुगडे तसेच काखेत धरून उतरला, एका दगडावर ठेवले, गलबत ओढायला लागला. सगळ्यांबरोबर झाप बांधले, थट्टामस्करीत भाग घेतला. शेवटचा झाप बांधून झाला, हात धुतले, आणि मग वडीलधाऱ्यांपुढे उभा राहून म्हणाला, "आता सांगा."

असा हा धर्मा. आता तो स्वतः तांडेल आहे, आणि त्याच्या गलबतावर गावातली चौदा माणसे आहेत. त्याला लिहिता-वाचता येत नाही. बंदरातला मुनीम त्याची पत्रे लिहितो आणि आलेली वाचून दाखवतो. इकडून उत्तर मी लिहीत असे. आक्का समोर बसून सांगे, आणि मी वाक्य जरा नीट केले की तिला कळे. "तुझं शाळेतलं नको. मी बोलते तसं काढ." पत्राच्या शेवटी घरातल्या प्रत्येकाची खुशाली नावानिशी असे. ती यादी माझी. त्यात मी कधी कोणाला वगळले नाही, अमीनाबींची शेळीसुद्धा नाही.

मार्गशीर्षात तिला ताप भरला तो उतरेना. वैद्यांचा चेहरा पाहून मी म्हटले, "आक्का, मंगळुरास तार करते. आठवड्यात येईल तो."

"येऊन काय करील? माझ्या नाडीवर हात धरून बसंल? त्याच्या हातात सुकाणू हाय ते राहू दे."

"तुम्हाला भेटावंसं नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाटतं ना... म्हणून तर तुला सांगून ठेवते. तू शहाणी हाय, उगाच शहाणपण करशील. गलबत शाकारू दे. मग कळव."

मी कबूल झाले. तेराव्यानंतर नेहमीसारखे पत्र लिहिले, सगळ्यांची नावे घातली, तिचे घातले नाही. माझ्या हाताने मी लिहिलेले ते पहिले अपुरे पत्र. गावी यजमानांनी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगितले, त्यांनीही नेम पाळला. म्हणूनच गावाचे नाव इथे नाही. हे ज्या मासिकात छापले जाईल त्याचा अंक कोणाच्या हातून कोणत्या बंदरात जाईल, सांगता येत नाही.

माघात धर्माचे कार्ड आले. अक्षर मुनिमाचे, बोलणे त्याचे. माल कुठे उतरवला, वारा कसा आहे, आणि आपल्या थोरल्या मुलीचे लग्न वैशाखात धरले आहे, त्यासाठी आपण उतरू आणि शेवटच्या खेपेला पुन्हा निघू. मग हे: "मागील पत्री आक्काचे नाव राहून गेले असावे. पोरीला पहिली हळद आत्याने लावायची आहे. ती येते किंवा नाही हे तिला विचारून तिच्या तोंडचे लिहावे."

मी ते पुन्हा पुन्हा वाचले. आईच्या वेळी ज्याने लुगडे दगडावर ठेवून झाप बांधले, तो विचारतो आहे. नाव राहून गेले असावे, असे तो म्हणतो, आणि मास्तरीण नाव विसरत नाही हे त्याला पक्के माहीत आहे.

यजमान म्हणाले, "येते म्हणून लिहून टाक. लग्नाच्या वेळी बघू." पण बहीण येणार या भरवशावर उतरलेल्या माणसाला मांडवात काय सांगायचे, आणि ते सांगितल्यावर शेवटच्या खेपेला त्याला सुकाणूवर कसे पाठवायचे? अमीनाबींना विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पूछ रहा है, म्हंजे त्याला कळलंय, बाई. आता झूट लिहाल तर तुमच्यावरचा भरोसा बी जाईल." मग सूप बाजूला ठेवून, "पण खरं लिवा असं बी मी नाय म्हणत. चौदा घरं हायेत."

आक्काला विचारता आले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते, आणि मी ते नीट करायला गेले असते तर रागावली असती. वाईट बातमीने हात ढिला पडतो, हे तिच्या काकापासून सगळ्या गावाला माहीत आहे. शंकेने पडतो की नाही, हे मला कोणी सांगितलेले नाही. विचारायचे नाही या नेमामुळे आजवर तो प्रश्नच कोणापुढे आला नसावा.

ती समोर बसून सांगायची ती जागा मी अजून मोकळीच ठेवते. काल शाळेतून आल्यावर तिथेच कार्ड घेऊन बसले. बंदराचा पत्ता लिहिला. मायना लिहिला. सगळ्यांची खुशाली तळाशी लिहिली, मध्ये तिच्या बोलण्यापुरती जागा सोडून. धर्माचे गलबत या आठवड्यात त्या बंदरात असेल, मग पुढे निघेल. मधली जागा अजून कोरी आहे.