सकाळची मूठ

मी झोपाळ्यावर बसलो. चूक एवढीच.

बोर्ली पंचतनच्या पुढे, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला ती सुपारीची वाडी. आय तिथे सोलणीला जाते. तिला आणायला मी माझी मिनीडोर रिक्षा घेऊन गेलो होतो. माझं वजन तुम्ही पाहिलेलं नाही, ते एक बरं. ओटीवरच्या झोपाळ्यावर मऊ गादी दिसली, टेकलो. कड्या अशा करकरल्या की अंगणात सुपारी सोलणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. आयपण हसली.

वाडीचे मालक बाहेर आले. माझ्याहून वयाने लहान.

"ऊठ रे. ती माईंची जागा आहे. गादी मुद्दाम मुंबईहून आणलीय. आमवात आहे त्यांना."

उठलो. पन्नाशी ओलांडलेला बाप्या, दोन पोरींचा बाप, शाळेत बाकावरून उठवतात तसा उठलो. इथपर्यंत हसण्यासारखंच आहे. आमच्यात बारसं असो की बारावं, गोष्ट सांगायला मलाच पुढे ढकलतात. ही पण रंगवून सांगितली असती.

मग चहा आला. आयने कप धरला. निसटला. चहा सोललेल्या सुपारीवर.

"हात आहेत की लाकडं?" मालक म्हणाले. "होत नाही तर यायचं कशाला? पूस ते. पदराने पूस."

आयने पुसलं. एकेक सुपारी. बोटं वळत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून. बाया आता हसत नव्हत्या.

मी म्हणालो, "भाऊ, तिचे हात सुजतात हो. सकाळी मूठ वळत नाही तिची."

"वय झालं तिचं. वयाला औषध नसतं."

तेवढ्यात माई आल्या. मालकांची आई. सुनेने दंडाला धरून त्यांना गादीवर बसवलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

तेच हात.

बोटांच्या मुळाशी तीच सूज. सगळी बोटं तशीच करंगळीकडे कललेली. वाटलं, आयचेच हात गोऱ्या कातड्यात घालून समोर ठेवलेत. माई तर आयपेक्षा मोठ्या. पण त्यांना आजार. माझ्या आयला वय.

माई आयच्या हातांकडे बघत होत्या. ते बघणं अजून माझ्या मागे येतं. गाडी चालवताना, जेवताना.

"आये, ऊठ," मी म्हणालो.

"हंगाम अर्धा हाय, बाला. मानसं काय बोलतील?"

"ऊठ."

"पुसून तरी होऊ दे."

तिच्या हातातून पदर सोडवला. मालकांना म्हणालो, "माईंना जसला डॉक्टर बघतो, तसलाच माझ्या आयला बघेल. आणि सुपारी तुमची आहे, तुम्ही पुसा."

बारशाला शूरांच्या गोष्टी सांगणारा मी, आणि गाडीची चावी हातातून पडली. आयच्या हातांवरून मालक बोलले होते, चावी पडल्यावरून मला बोलायला ते गेटपर्यंत आले नाहीत, नशीब.

माणगावला दर बुधवारी मुंबईची सांध्यांची डॉक्टरीण येते. तिने आयची बोटं एकेक करून दाबली. आय कळवळली.

"हे वय नाही, आजी. आमवात आहे. आत सूज आहे, ती सांधा खाते. उतारवयातही होतो हा. अशी म्हातारी माणसं खूप असतात, फक्त आमच्यापर्यंत येत नाहीत. घरचेच सांगतात, वय झालं."

मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिलो.

"बोटां सरल होतील?" आयने विचारलं.

"वाकलीत ती नाही होणार. उरलेलं वाचवू. गोळ्या चुकवायच्या नाहीत, रक्त तपासत राहायचं."

"म्हंजे आधी आलो असतो तर?" मी विचारलं.

डॉक्टरीण खाली बघून लिहीत राहिली.

आता सकाळी आळीतून गाडी काढताना मला माणसं दिसत नाहीत, हात दिसतात. मिशेरीची डबी दातांनी उघडणारी काकी. सदऱ्यात हात जात नाही म्हणून सुनेला हाक मारणारा म्हातारा. चौकटीला लोंबकळत उठणारी मावशी. लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं, म्हातारी माणसं बनतातच अशी. सगळ्यांना आमवातच असेल असं नाही, डॉक्टरीणही तेच म्हणाली. पण ह्यांतल्या एकाचाही हात कोणी हातात घेऊन बघितलेला नाही.

म्हणून बुधवारी माझी गाडी भाड्याला नाही. ज्याची मूठ सकाळी वळत नाही तो आत बसेल, आणि माणगावला उतरेल. नाही म्हणणाऱ्याला मी उचलून बसवीन. वजनाचा तेवढा तरी उपयोग. "वय झालं" हे शब्द मी ऐकून घेणार नाही. मालकाकडून नाही, डॉक्टरकडून नाही, माझ्या स्वतःच्या तोंडून तर नाहीच.

परवा वाडीतून गडी निरोप घेऊन आला. सोलणीला सासू थकली की तिची जागा सुनेला जाते, ही इकडची रीत. त्याने दारातूनच सांगितलं, "आय येत नसंल तर वयनीला धाडा. जागा रिकामी दिसते, मालक बोलतात."

बायको आयला भाकरी कुस्करून देत होती. ती कुस्करतच राहिली. गडी वाट बघून गेला. मग म्हणाली,

"रिकामीच दिसू दे मालकाला. आयच्या बाजूला बसनाऱ्या बायांना मी सांगून ठेवते, तितं कुनी सरकून बसायचं न्हाय."